काँक्रीटमधील त्वरक द्रव्ये : वाचलेल्या वेळेचे अर्थशास्त्र

पायाभूत सुविधांचा अभ्यास करताना विद्यार्थी गुंतवणूक, कर्जउभारणी व भूसंपादन या विषयांकडे पुरेसे लक्ष देतात. काँक्रीट किती वेळात घट्ट होते हा प्रश्न मात्र अभियंत्यांवर सोपवून मोकळे होतात. वास्तविक, बांधकामाच्या खर्चात वेळ हाही एक मोठा घटक असतो. ज्या प्रकल्पात १०० कोटी रुपये गुंतले आहेत, त्यावर दरसाल १० टक्के दराने व्याज धरल्यास एका महिन्याच्या विलंबाचे मोल सुमारे ८३ लाख रुपये होते. हा विलंब कमी करण्याचा एक मार्ग काँक्रीटच्या रसायनशास्त्रातून जातो. सिमेंटचे घट्ट होणे किंवा त्याची सुरुवातीची ताकद वाढणे ज्या द्रव्यांमुळे जलद होते, त्यांना त्वरक द्रव्ये म्हणतात. मिश्रणात त्यांचे प्रमाण अल्प असते. परिणाम मात्र इमारतीच्या वा पुलाच्या संपूर्ण आयुष्यावर होतो.

भारतीय मानक ४५६ : २००० मधील शटरिंग काढण्याच्या मुदती पाहिल्या की वेळेचा प्रश्न स्पष्ट होतो. ४.५ मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबखालचे टेकू ७ दिवस, त्याहून मोठ्या गाळ्याचे १४ दिवस, तर ६ मीटरपेक्षा लांब तुळईखालचे टेकू २१ दिवस ठेवावे लागतात. याही मुदती साधे पोर्टलंड सिमेंट वापरलेले असेल आणि हवेचे तापमान १५ अंश सेल्सिअसच्या खाली गेले नसेल, तरच लागू होतात. तेवढे दिवस शटरिंगचे सामान अडकून पडते आणि पुढच्या मजल्याचे काम रेंगाळते.

घट्ट होणे आणि ताकद येणे

या दोन क्रियांमध्ये गल्लत करू नये. पाणी मिळताच सिमेंटमधील संयुगांचे जलसंयोजन सुरू होते. प्रथम मिश्रणाचा ओलसर, हाताळता येण्याजोगा लगदा आपला प्रवाहीपणा गमावतो. हे घट्ट होणे. त्यानंतर कित्येक दिवस, किंबहुना महिने, ताकद वाढत राहते. ही ताकद मुख्यतः ट्रायकॅल्शियम सिलिकेटच्या जलसंयोजनातून येते. कॅल्शियम क्लोराइड, कॅल्शियम नायट्रेट, कॅल्शियम फॉर्मेट यांसारखी द्रव्ये याच क्रियेला वेग देतात. याउलट बोगद्याच्या छतावर काँक्रीट फवारताना ते काही मिनिटांतच खडकाला चिकटून राहावे लागते. तेथे सोडियम सिलिकेट, सोडियम ॲल्युमिनेट किंवा ॲल्युमिनियम सल्फेटवर आधारित द्रव्ये वापरतात व त्यांचा रोख प्रामुख्याने घट्ट होण्याच्या वेळेवर असतो. ‘जिप्सम मंदक, कॅल्शियम क्लोराइड त्वरक’ एवढेच पाठ करून परीक्षेला जाणाऱ्यांची संख्या मोठी आहे. त्या एका ओळीतून हा भेद कधीच कळत नाही.

लवकर आलेली ताकद म्हणजे अधिक ताकद नव्हे. जलसंयोजन घाईने झाले की तयार होणारा पदार्थ सिमेंटच्या कणांभोवतीच दाटतो, सर्वत्र सारखा पसरत नाही. परिणामी अंतर्गत रचना काहीशी विषम व सच्छिद्र राहते. अमेरिकेच्या ए.एस.टी.एम. सी ४९४ या मानकाने ही गोष्ट अप्रत्यक्षपणे मान्यच केली आहे. त्या मानकानुसार त्वरकयुक्त काँक्रीटची तिसऱ्या दिवसाची ताकद साध्या काँक्रीटच्या १२५ टक्के असली पाहिजे, २८ व्या दिवशी ती किमान बरोबरीची असावी, आणि वर्षानंतर ९० टक्के असली तरी चालते. सुरुवातीचा पंचवीस टक्क्यांचा लाभ आणि नंतरची दहा टक्क्यांपर्यंतची सूट, असा हा व्यवहार आहे. फवारणीसाठीच्या सोडियमयुक्त द्रव्यांचे प्रमाण वाढवल्यास अंतिम ताकदीतील घट याहून पुष्कळ मोठी असते.

येथे हवामानाचाही विचार करावा लागतो. देशाच्या बहुतांश भागात उन्हाळ्यात काँक्रीट आधीच वेगाने घट्ट होते. तेथे गरज मंदक द्रव्यांची असते. त्वरक घातल्यास जलसंयोजनाची उष्णता एकदम बाहेर पडून जाड भागांत तडे जाण्याचा धोका वाढतो. त्वरकांचे खरे क्षेत्र म्हणजे हिमालयातील थंड प्रदेश, बोगदे, पूर्वनिर्मित घटकांचे कारखाने आणि वाहतूक फार काळ थांबवता येणार नाही अशी दुरुस्तीची कामे. मात्र त्वरक म्हणजे गोठणरोधक नव्हे. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के प्रसरण पावते. अशा वेळी काँक्रीट कोवळे असेल तर त्याची झालेली हानी नंतर भरून येत नाही. त्वरकाचे काम इतकेच की काँक्रीटची ही कोवळी अवस्था लवकर संपावी. पाणी कोमट करणे, काँक्रीट झाकून ठेवणे हे उपाय त्यामुळे टळत नाहीत.

हिमाचल प्रदेशात ३ ऑक्टोबर २०२० रोजी खुल्या झालेल्या ९.०२ किलोमीटर लांबीच्या अटल बोगद्यासाठी वापरलेल्या नव-ऑस्ट्रियन पद्धतीत फवारलेले काँक्रीट हाच खडकाचा पहिला आधार असतो. सेरी नाल्याखालच्या ५८७ मीटरच्या भंगलेल्या, पाणी झिरपणाऱ्या खडकाने तेथील कामाची कठोर परीक्षा पाहिली. अशा जागी वेळेचे मोल व्याजात मोजता येत नाही. ते छताखाली उभ्या असलेल्या कामगारांच्या जिवात मोजावे लागते. सोडियम ॲल्युमिनेटसारखी जुनी द्रव्ये अतिक्षारीय असल्याने फवारणी करणाऱ्याच्या त्वचेला व डोळ्यांना इजा करतात. अल्कलीमुक्त द्रव्ये महाग असूनही जगभर रुळली, त्यामागे अंतिम ताकदीइतकेच हेही कारण आहे.

क्लोराइडचा हिशेब

कॅल्शियम क्लोराइड हे सर्वांत स्वस्त व परिणामकारक त्वरक. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून ते वापरात आहे. पण त्यातील क्लोराइड सळईचा शत्रू आहे. क्षारीय काँक्रीटमध्ये पोलादावर एक सूक्ष्म संरक्षक थर तयार होतो. क्लोराइड तो भेदते आणि गंज सुरू होतो. गंजाचे घनफळ मूळ लोखंडाच्या कितीतरी पट असल्याने आवरणाचे काँक्रीट आतून फुटते. शिवाय सुकताना होणारे आकुंचन वाढते व सल्फेटला तोंड देण्याची क्षमता घटते.

एक उदाहरण सोडवून पाहावे. एका घनमीटरमध्ये ३५० किलो सिमेंट असून त्याच्या २ टक्के, म्हणजे ७ किलो निर्जल कॅल्शियम क्लोराइड मिसळले. त्याच्या वजनाचा सुमारे ६४ टक्के भाग क्लोराइडचा असतो, म्हणजे ४.५ किलो क्लोराइड आत गेले. भारतीय मानक ४५६ नुसार सळईयुक्त काँक्रीटमध्ये सर्व घटकांतून येणारे क्लोराइड मिळून घनमीटरला ०.६ किलोपेक्षा, तर पूर्वताणित काँक्रीटमध्ये ०.४ किलोपेक्षा अधिक नसावे. हे मिश्रण पहिली मर्यादा सातपटींहून अधिक ओलांडते. धातू नसलेल्या काँक्रीटची ३ किलोची मर्यादाही ते पाळत नाही. ब्रिटनने १९७७ मध्येच सळईयुक्त कामांतून हे द्रव्य हद्दपार केले होते.

पणजी येथील मांडवी नदीवरील नेहरू पूल जुलै १९८६ मध्ये, बांधल्यानंतर जेमतेम दीड दशकात कोसळला. पूर्वताणित तारांना लागलेला गंज हे त्याचे प्रमुख कारण मानले जाते. तेथील क्लोराइड खाऱ्या हवेतून आलेले होते, त्वरकातून नव्हे. पण ते कोठून आले याने पोलादाला काहीच फरक पडत नाही.

मग हे स्वस्त द्रव्य वापरण्याचा मोह का टिकून राहतो? याचे उत्तर भावी खर्चाचे वर्तमान मूल्य काढण्याच्या पद्धतीत आहे. पंचवीस वर्षांनी येणारा १ कोटी रुपयांचा दुरुस्तीखर्च १० टक्के वटावदराने आज केवळ सव्वानऊ लाखांचा दिसतो. ५ टक्के दर घेतल्यास तो साडेएकोणतीस लाखांचा होतो. वेळ वाचल्याचा लाभ मात्र याच वर्षीच्या ताळेबंदात, तोही पूर्ण रकमेने, नोंदला जातो. त्यातून लाभ घेणारा आणि खर्च सोसणारा हे एक नसतात. कंत्राटदाराचे दोषदायित्व काही वर्षांत संपते. सळईचा गंज बहुधा त्यानंतर दिसू लागतो. रस्ते-पुलांच्या आय.आर.सी. ११२ या संहितेत पुलाचे अपेक्षित आयुष्य सर्वसाधारणपणे १०० वर्षे धरले आहे. त्या कालावधीतील बहुतेक खर्च करदात्याच्या माथी येतो. अर्थशास्त्रात ज्याला मालक-अभिकर्ता समस्या म्हणतात, तिचे इतके मूर्त उदाहरण क्वचितच सापडेल. प्रस्तुत लेखकाच्या मते, निविदेत ‘मान्यताप्राप्त त्वरक’ असा मोघम शब्द न ठेवता क्लोराइडचे प्रमाण, वापराची कमाल मात्रा आणि २८ दिवसांनंतरच्याही चाचण्या लिहून घेणे हा सर्वांत कमी खर्चाचा उपाय आहे.

क्लोराइडरहित पर्याय आज उपलब्ध आहेत. कॅल्शियम नायट्राइट तर त्वरणाबरोबर गंजरोधकाचेही काम करते. त्यांची किंमत अधिक पडते, पण येत्या काळात त्यांची गरज वाढणार आहे. कर्ब उत्सर्जन घटवण्यासाठी सिमेंटमधील क्लिंकरचा वाटा कमी केला जात आहे. राखमिश्रित पोझोलाना सिमेंटमध्ये १५ ते ३५ टक्के राख असते, आणि भाजलेली चिकणमाती व चुनखडी वापरणाऱ्या सिमेंटसाठी २०२३ मध्ये भारतीय मानक १८१८९ प्रसिद्ध झाले. राखमिश्रित सिमेंटची अंतिम ताकद व टिकाऊपणा चांगला असला तरी पहिल्या काही दिवसांत ते संथ असते. ठेकेदार त्याच कारणाने ते नाकारतात आणि अधिक क्लिंकरच्या सिमेंटकडे वळतात. योग्य मात्रेतील क्लोराइडरहित त्वरक ही सुरुवातीची उणीव बऱ्याच अंशी भरून काढते. त्वरकासाठी मोजलेल्या जादा रकमेसमोर मग वाचलेल्या क्लिंकरची किंमतही मांडावी लागते.