थीम शेवटी लिहावी

एम. ए.ला अमेरिकन लिटरेचर घेतलंस, छान केलंस. आता आत्याच्या चार गोष्टी कानात ठेव.

'थीम काय?' या प्रश्नावर लगेच झडप घालू नकोस. आधी घरात कोण काय करतंय ते बघ. आर्थर मिलरच्या 'डेथ ऑफ अ सेल्समन'मध्ये (१९४९) लिंडा फाटके स्टॉकिंग्ज शिवत बसते आणि तिचा नवरा विली एकदम खेकसतो, माझ्या घरात हे चालणार नाही! त्याला एवढं झोंबायचं कारण काय? बॉस्टनच्या हॉटेलात त्याने परक्या बाईला नवेकोरे स्टॉकिंग्ज दिलेत, आणि थोरल्या मुलाने, बिफने, ते पाहिलंय. लिंडाला यातलं काहीच ठाऊक नाही. नवरा-बायको आणि बाप-लेक, दोन्ही नाती त्या एका जोडीत गुंतली आहेत. 'अमेरिकन ड्रीमचा भंग' वगैरे नंतर लिही, आणि तेही फ्रीजच्या हप्त्यांचा हिशेब नीट वाचून.

दुसरं, पैसा कुठून आला आणि कोण त्यावर हात ठेवतंय ते बघ. लॉरेन हॅन्सबेरीच्या 'अ रेझिन इन द सन'मध्ये (१९५९) शिकागोतल्या कृष्णवर्णीय कुटुंबाला दहा हजार डॉलर मिळतात, ते मेलेल्या बापाच्या विम्याचे. मुलाला दारूचं दुकान काढायचंय, मुलीला डॉक्टर व्हायचंय, आई गोऱ्यांच्या वस्तीत घर घेते. बापाने आयुष्यभर गाळलेला घाम आहे तो. म्हणून भांडण नुसतं पैशाचं उरत नाही. आणि गोऱ्या वस्तीचा माणूस 'घर आम्हाला परत विका' म्हणत येतो, तेव्हा वंशभेदावर वेगळा परिच्छेद लिहावा लागत नाही. तो दारात उभाच असतो.

तिसरं, जो रंगमंचावर नाही त्याला पात्रांच्या यादीत धर. टेनेसी विल्यम्सच्या 'द ग्लास मिनॅजरी'त बाप घर सोडून कधीच पसार झालाय, पण त्याचा हसरा फोटो भिंतीवर आहे. शेवटी मुलगा टॉमही बापाच्याच वाटेने जातो. शिवाय सगळी गोष्ट टॉमच सांगतोय, त्याच्या आठवणीतून. आई अमांडा आपल्याला इतकी कटकटी का दिसते, हा प्रश्न विचारताना सांगणारा कोण हे विसरायचं नाही.

कविता हाती आली की तीही नाटकासारखीच वाच. फ्रॉस्टची 'होम बरिअल' (१९१४) घे. बायको जिन्यावर वरच्या पायरीशी, नवरा खाली. खिडकीतून बाळाची कबर दिसते, आणि ती त्यानेच खणलीय. खणून आत आल्यावर तो कुंपणाच्या लाकडाबद्दल बोलला, हे तिला आजही सलतंय. पेन्सिल घे आणि कोण कधी चढतं, कोण उतरतं, दाराशी कोण जातं ते समासात टिपून ठेव. मग 'नवरा निर्दय' असं लिहायला तुझा हात धजणार नाही. फ्रॉस्टचा स्वतःचा थोरला मुलगा १९०० साली गेला, हे खरं. पण म्हणून हा नवरा म्हणजे फ्रॉस्ट, असं ठरवून मोकळी होऊ नकोस. एमिली डिकिन्सनने तर १८६२ साली पत्रात बजावूनच ठेवलंय की तिच्या कवितेतली 'मी' म्हणजे ती स्वतः नव्हे, एक कल्पिलेली व्यक्ती आहे.

डिकिन्सनची प्रतही पारखून घे. ती गेल्यावर १८९० साली निघालेल्या पहिल्या संग्रहात संपादकांनी तिचे डॅश, यमकं, शब्दसुद्धा 'सुधारले'. थॉमस जॉन्सनची १९५५ची आवृत्ती किंवा त्यानंतरची घे. डिकिन्सन डॅशपाशी थांबते तिथे तूही थांब, मोठ्याने वाचताना तर नक्कीच.

आणि पेपरात उत्तराची सुरुवात वस्तूने कर: स्टॉकिंग्ज, विम्याचा चेक, भिंतीवरचा फोटो. थीमचं वाक्य गाइडात असतंच आणि परीक्षक ते सकाळपासून वाचत बसलेला असतो.