सणासुदीची घरसजावट : शेतातील साहित्यातून

जळगाव व धुळे जिल्ह्यांत सणांचे वर्ष शेतीच्या वर्षाबरोबर चालते. आखाजीला लेकी माहेरी येतात, झोके बांधले जातात. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाईची स्थापना होते. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली गुलाबाई मांडतात. पुढे खरिपाचा माल घरात येत असतानाच दसरा-दिवाळी येते. प्रत्येक वेळी घर सजविले जाते. मात्र बाजारातील प्लॅस्टिकच्या तोरणांवर दरवर्षी पैसा जातो आणि सण संपला की ती उकिरड्यावर जातात. तेथून ती गुरांच्या पोटात जाण्याचा धोका असतो. म्हणून सजावटीचे साहित्य निवडताना दोन गोष्टी पाहाव्यात : ते खतात कुजेल का, आणि गुराने खाल्ले तर अपाय तर होणार नाही ना?

भिंतींसाठी चुना व गेरू

एक किलो कळीच्या चुन्यास सुमारे पाच लिटर पाणी घ्यावे. लोखंडी किंवा मातीच्या भांड्यात आधी पाणी घेऊन त्यात चुन्याचे खडे थोडे थोडे टाकावेत. चुना उकळून उडतो, म्हणून मुलांना दूर ठेवावे आणि डोळे सांभाळावेत. प्लॅस्टिकची बादली वापरू नये. रात्रभर भिजल्यावर चुना फडक्याने गाळावा व त्यात मूठभर मीठ आणि भिजविलेल्या बाभळीच्या डिंकाचे पाणी घालावे. एका जाड हातापेक्षा दोन पातळ हात चांगले बसतात. खालच्या बाजूस गेरूचा वीतभर पट्टा ओढावा. पट्ट्यावर चुन्याने किंवा तांदळाच्या पिठाने वेलबुट्टी काढता येते. तैलरंगाच्या भिंतीवर चुना टिकत नाही.

केळीचे सोपट

घड कापल्यानंतर खोडाची बाहेरील साले, म्हणजे सोपट, बहुतेक ठिकाणी बांधावर पडून राहतात. निरोगी खोडाची साले काढून बोटभर रुंदीच्या पट्ट्या कराव्यात व तीन-चार दिवस उन्हात वाळवाव्यात. विणण्यापूर्वी पाणी शिंपडून मऊ कराव्यात. तीन पदरी वेणी घालून आसन, फुलांची परडी किंवा तोरणाची दोरी करता येते. फुले ओवण्यासही सोपटाचा धागा चालतो. कानबाईच्या मखरासाठी केळीचे खांब रोगट बागेतून आणू नयेत.

कणसांचे तोरण

ज्वारी किंवा बाजरीची दहा-बारा पक्व कणसे फूटभर दांड्यासह कापावीत. सावलीत आठवडाभर उलटी टांगून वाळवावीत, म्हणजे दांडे सरळ राहतात. नंतर सुतळीने जुड्या बांधून मध्ये आंब्याची पाने व झेंडू गुंफावा. कणसांत सोंडे पडू शकतात. त्यामुळे हे तोरण धान्याच्या कोठीजवळ टांगू नये व महिनाभराने अंगणात पाखरांसाठी ठेवावे. गावरान झेंडूची चांगली फुले वाळवून ठेवल्यास पुढील वर्षाचे बी घरचेच होते.

कापूस घरात असताना दिवे

दिवाळीच्या सुमारास वेचलेला कापूस अनेक घरांत ओसरीवर किंवा पुढच्या खोलीत रचलेला असतो. वर्षभराची कमाई एका ठिणगीने जाऊ शकते. त्यामुळे त्या खोलीत पणती, उदबत्ती किंवा विजेची माळ लावू नये. आकाशकंदील कापसापासून दूर, अंगणाच्या बाजूस टांगावा. पणत्या वाळू भरलेल्या ताटात ठेवाव्यात. पाण्याची भरलेली बादली हाताशी असावी. वाती व पूजेच्या वस्त्रमाळेसाठी स्वच्छ, पूर्ण उमललेल्या बोंडांचा मूठभर कापूस पुरतो.

सण झाल्यावर

तोरण बांधण्यास तार किंवा टाचण्या वापरू नयेत. चाऱ्यातून तार पोटात गेल्यास ती जठर भेदून हृदयापर्यंत पोहोचू शकते व दुभते जनावर दगावते. प्लॅस्टिक पोटात साठून राहते. जनावर रवंथ कमी करते, त्याचे पोट फुगते आणि बहुधा शस्त्रक्रियेखेरीज उपाय राहत नाही. थर्माकोलच्या सजावटीवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे. कण्हेर व बिट्टी यांची पाने-फुले विषारी असल्याने त्यांच्या माळा गोठ्याजवळ टाकू नयेत, खोल पुराव्यात. कीटकनाशकांचे रिकामे डबे कितीही धुतले तरी कुंडी किंवा दिव्यासाठी घेऊ नयेत.

बाकी पाने, फुले व सोपट खताच्या खड्ड्यात टाकावे. केळीच्या खांबांचे वीतभर तुकडे करून त्यावर शेणकाला शिंपडावा. केळीच्या खोडात पालाश भरपूर असते, ते खतातून पुन्हा शेतात जाते. अशा रीतीने सजावटीचा खर्च वाचतो, गोठ्यातील जनावरे सुरक्षित राहतात आणि शेतातून आणलेले शेतालाच परत मिळते.