नावावरून पत्ता : संगणकाच्या घरची नोंदवही



आपल्या आदिलाबादला जुनी माणसे एदलाबाद म्हणत. जळगाव जिल्ह्यातल्या मुक्ताईनगरचे जुने नावही एदलाबादच! मग नुसत्या नावावर टाकलेले पत्र जायचे कुठे? टपालखात्याने १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड सुरू केला. ५०४००१ लिहिले की शंका उरत नाही. संगणकाचेही असेच आहे. आपण संकेतस्थळाचे नाव लिहितो, त्याला मात्र आकड्यांचा आयपी पत्ता लागतो. नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या व्यवस्थेला डीएनएस म्हणतात.

हा शोध घरातूनच सुरू होतो, हे आम्हाला एका सराव परीक्षेच्या दिवशी चांगलेच कळले. संगणक कक्षातला प्रश्नपत्रिकांचा सर्व्हर आम्ही १९२.१६८.१.२० या पत्त्यावरून १९२.१६८.१.५० वर नेला होता. सगळ्या संगणकांवर परीक्षा उघडली, खिडकीजवळच्या एकावर काही केल्या उघडेना. दहावीची एक विद्यार्थिनी तिथे हात बांधून बसलेली, घड्याळ पुढे सरकत होते. आम्ही केबल बदलली, संगणक दोनदा बंद करून चालू केला. शेवटी होस्ट्स नावाची फाइल उघडली, तर पूर्वी कधीतरी आम्हीच लिहिलेला जुना पत्ता तिथे तसाच! बाकीचे संगणक राउटरला विचारत होते, हा एकटा स्वतःच्या वहीत पाहून थांबत होता. तिला वेळ वाढवून दिला, हे सांगायला हवे.

होस्ट्स ही साधी मजकुराची फाइल. विंडोजमध्ये ती सिस्टम३२ मधल्या ड्रायव्हर्स, त्यातल्या ईटीसी या फोल्डरात असते, लिनक्समध्येही ईटीसीतच. १२७.०.०.१ म्हणजे 'मी स्वतः', त्याचे नाव लोकलहोस्ट. एकेकाळी साऱ्या जाळ्याची अशी एकच यादी अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत ठेवली जाई. संगणक वाढले, यादी आवरेना, म्हणून १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएसची रचना मांडली. जुनी वही मात्र प्रत्येक संगणकात राहिली, आणि बहुधा पहिला मान अजून तिचाच.

वहीत नाव नसेल तर संगणक नुकतीच मिळालेली उत्तरे आठवून पाहतो. या आठवणीला कॅश म्हणतात. प्रत्येक उत्तराला ठरावीक मुदत असते. विंडोजमध्ये 'आयपीकॉन्फिग /फ्लशडीएनएस' ही आज्ञा दिली की ती पुसली जाते. वहीतली ओळ मात्र त्याने जात नाही, ती हातानेच काढावी लागते. तिथेही उत्तर नसेल, तरच प्रश्न बाहेरच्या डीएनएस सर्व्हरकडे जातो.

पालकांसाठी एक गोष्ट. कोणी घातक प्रोग्रामने या वहीत बँकेच्या नावापुढे भलताच पत्ता लिहिला, तर नाव बरोबर दिसूनही पान दुसरेच उघडू शकते. डीएनएस-चेंजर या विषाणूने तर बाहेरच्या सर्व्हरचा पत्ताच बदलला होता. जगभरातले चाळीस लाखांहून अधिक संगणक त्यात सापडले. २०११ मध्ये टोळी पकडली गेली. म्हणून शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना ब्राउझरने प्रमाणपत्राचा इशारा दिला, तर 'पुढे जा' दाबू नये.

पुढच्या तासाला ही फाइल नोटपॅडमध्ये उघडून पाहू. हॅश चिन्हाने सुरू होणाऱ्या ओळी संगणक वाचत नाही. त्या कोणासाठी लिहिल्या असतील, ते विचार करून या.