चेंडूची उसळी : एक प्रयोगपाठ

(इयत्ता सातवी, विषय : सामान्य विज्ञान)

नंदू नाटेकर यांनी १९५६ साली क्वालालंपूर येथील सेलांगोर स्पर्धा जिंकून आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळविणारे पहिले भारतीय बॅडमिंटनपटू होण्याचा मान मिळविला. बॅडमिंटनचे फूल असो वा टेनिसचा चेंडू, रॅकेटच्या खेळाचे सारे मर्म क्षणभराच्या आघातात असते. तो आघात मुलांना मोजून पाहता येतो.

साहित्य : टेनिसचा चेंडू, मीटरपट्टी, दोन विटा व टेनिसची रॅकेट. शाळेत रॅकेट नसल्यास एका दिवसापुरती मागून आणावी.

कृती : एक मीटर उंचीवरून चेंडू नुसता सोडावा, फेकू नये. प्रथम सिमेंटच्या फरशीवर, मग वैनगंगेच्या वाळूच्या ढिगावर व शेवटी रॅकेटच्या ताणलेल्या तातींवर. रॅकेटची चौकट विटांवर आडवी ठेवून दोन मुलांनी ती दोन्ही बाजूंनी घट्ट दाबून धरावी. प्रत्येक उसळी तीनदा मोजून सरासरी काढावी. सर्वांत उंच उसळी कोठे मिळेल, याचा अंदाज मुलांनी आधीच वहीत लिहावा. बहुतेक मुले ‘फरशीवर’ असे लिहितात. कठीण पृष्ठभाग अधिक उसळी देतो, अशी त्यांची समजूत असते.

निरीक्षण : वाळूवर चेंडू जवळजवळ उसळत नाही. फरशीवर तो निम्म्याहून थोडा अधिक उसळतो. तातींवर मात्र फरशीहूनही उंच जातो.

स्पष्टीकरण : फरशी दबत नाही, त्यामुळे चेंडूच दबतो. त्याचे रबर ऊर्जेचा बराच भाग उष्णतेत घालविते. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणेही २५४ सेंटिमीटरवरून सोडलेला टेनिसचा सामान्य चेंडू १३५ ते १४७ सेंटिमीटरच उसळावा लागतो. ताती स्वतः वाकतात, चेंडूस कमी दबू देतात आणि घेतलेली बहुतेक ऊर्जा परत करतात. वाळूचे कण एकमेकांवर घासून सरकतात. तेथे ऊर्जा परत मिळत नाही.

पुढील पायरी : आता रॅकेट केवळ मुठीशी सैल धरून चेंडू तातींवर सोडावा. उसळी कमी होते, कारण रॅकेट मागे सरून ऊर्जेचा काही वाटा स्वतः घेते.

उसळी हा एकट्या चेंडूचा गुण नसून आदळणाऱ्या दोन्ही वस्तूंचा व्यवहार आहे, हे मुलांनी आपल्या आकड्यांवरून सांगावे. त्यापूर्वी शिक्षकांनी व्याख्या सांगू नये. पाठ केलेली व्याख्या परीक्षेनंतर विसरते. चुकलेला अंदाज आणि स्वतः घेतलेले माप दीर्घकाळ स्मरणात राहते.