शाखेच्या नावामागे धावण्यापूर्वी

अभियांत्रिकीच्या सीईटीचा निकाल लागून कॅपच्या, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या फेऱ्या सुरू झाल्या, की सोलापुरातील पालक दरवर्षी एकच प्रश्न विचारतात: कॉम्प्युटर किंवा एआय शाखा न मिळाल्यास मुलाचे कसे होणार? ही भीती खरी असली, तरी तिच्या मुळाशी असलेली, या शाखांविना भवितव्य नाही ही समजूत चुकीची आहे. वैद्यक, संगणक आणि स्पर्धा परीक्षा हे मार्ग सर्वांच्या परिचयाचे आहेत. उपेक्षित राहतो तो सेन्सर-डेटा प्रक्रियेचा, म्हणजे मोबाइल व स्मार्टवॉचमधील सेन्सरांनी टिपलेल्या कच्च्या आकड्यांतून अर्थ काढणाऱ्या अल्गोरिदमांचा मार्ग.

स्मार्टवॉच त्वचेवर हिरवा प्रकाश टाकते आणि रक्त तो शोषून घेत असल्याने प्रत्येक ठोक्यासरशी परतणारा प्रकाश कमी-अधिक होतो. मिनिटाला ७२ ठोके म्हणजे सेकंदाला १.२ आवर्तने, परंतु चालताना सेकंदाला साधारण दोन पावले पडतात, हाताची हालचाल त्याच संकेतात मिसळते आणि ती वेगळी न काढल्यास घड्याळ पावलांनाच ठोके समजते. हा गोंधळ दूर करण्यासाठी त्वरणमापकाची, म्हणजे वेगातील बदल मोजणाऱ्या सेन्सरची नोंद आणि संकेतातील वेगवेगळ्या वारंवारिता सुट्या करणारे फूरिए रूपांतर लागते. त्याचा पाया अकरावी-बारावीच्या त्रिकोणमितीत असतो.

त्वरणमापकाचा उपयोग घड्याळापुरता नाही, तो भूकंपाच्या इशाऱ्यासाठीही होतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपाचे धक्के सोलापूरनेही अनुभवले होते. सप्टेंबर २०२३ मध्ये गुगलने भारतात सुरू केलेली अँड्रॉइड भूकंप-इशारा यंत्रणा याच त्वरणमापकावर चालते: टेबलावरून पडलेला एक फोन आणि एका परिसरात एकाच वेळी हादरलेले असंख्य फोन यांतील फरक अल्गोरिदम ओळखतो, व दूरच्या नागरिकांना विध्वंसक लहरींच्या आधी इशारा पोहोचू शकतो, केंद्राजवळ मात्र तेवढा अवधी मिळेलच असे नाही.

हे ज्ञान संकेत-प्रक्रिया या विषयातून मिळते आणि तो वालचंद इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीसारख्या महाविद्यालयांतील इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन शाखेचा कणा आहे. अर्थात केवळ पदवी पुरेशी नाही. सी व पायथन या भाषा शिकाव्याच लागतात, आणि नोकरीसाठी पुणे-बेंगळुरूकडे जाण्याची तयारीही ठेवावी लागते.

व्यवस्थापन कोट्यातील ‘एआय’ नावाच्या जागेसाठी शेत गहाण टाकणे, गणिताचा कंटाळा असलेल्या मुलाला त्या जागेवर बसवणे आणि शेजाऱ्याच्या मुलाचे पॅकेज त्याला रोज ऐकवणे, हे मार्गदर्शन नव्हे, दडपण आहे. त्याऐवजी फायफॉक्स हे मोफत ॲप फोनमध्ये घेऊन मुलाने स्वतःच्या चालण्याची नोंद करावी, तिच्या आलेखातून पावले मोजण्याचा प्रयत्न करावा आणि त्या कामात मन रमले, तरच ही वाट धरावी. मन रमले नाही, तर दुसरी वाट शोधावी. मात्र कॅपचा पसंतीक्रम दोन्ही परिस्थितींत मुलाने भरावा, पालकांनी नव्हे.