वार्तेची पारख

बुलढाणा शहर घाटमाथ्यावर वसलेले आहे. मुंबई-नागपूर लोहमार्गावरील मलकापूर स्थानकावर उतरून व पुढे राजूरचा घाट चढून तेथे जावे लागते. त्यामुळे पूर्वी दूरदेशीच्या सामन्यांचा वृत्तान्त तेथे पोहोचण्यास विलंब लागे. वार्ता शिळी होई खरी. परंतु ती कोणी छापली, हे त्याच कागदावर वाचता येई. आता काळ पालटला आहे. २० मे २०२३ रोजी शांघाय येथील जागतिक चषक स्पर्धेत बुलढाण्याचा तिरंदाज प्रथमेश जावकर याने नेदरलँड्सच्या माइक श्लोसर याला १४९-१४८ असे एका गुणाने हरविले. ती आनंदवार्ता चीनमधून मोबाइलवर येण्यास काही क्षण पुरेसे होते.

ज्या वाटेने अशी खरी वार्ता धावत येते, त्याच वाटेने अफवाही येते. खेळाडूच्या दुखापतीविषयीची अफवा तर फारच लवकर पसरते. आवडत्या खेळाडूच्या काळजीने मन आधीच कातर झालेले असते आणि शरीराच्या आत काय बिघडले आहे, हे बाहेरून कोणालाच दिसत नसते.

२०२० सालचा एक प्रसंग या दृष्टीने विचार करण्याजोगा आहे. नागपुरात जन्मलेला व मुंबईत वाढलेला क्रिकेटपटू रोहित शर्मा हा त्या वेळी मुंबई इंडियन्स संघाचा कर्णधार होता. इंडियन प्रीमियर लीगचे सामने त्या वर्षी साथीमुळे संयुक्त अरब अमिरातीत भरले होते. १८ ऑक्टोबरच्या सामन्यात त्याच्या डाव्या मांडीच्या मागील स्नायूस इजा झाली. २६ ऑक्टोबर रोजी ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यासाठी भारतीय संघ जाहीर झाला, त्यात रोहितचे नाव नव्हते. वैद्यकीय पथक त्याच्या प्रकृतीवर लक्ष ठेवील, एवढेच क्रिकेट नियामक मंडळाने सांगितले. त्याच दिवशी मुंबई इंडियन्सने त्याची सरावातील चित्रे प्रसिद्ध केली. त्यांत तो फलंदाजी करताना दिसत होता.

झाले! एकीकडे संघातून नाव गळलेले, दुसरीकडे हाती बॅट घेतलेला खेळाडू! दुखापत मुळी झालेलीच नाही, असे कोणी म्हटले. त्याला जाणूनबुजून वगळले, असे कोणी लिहिले. तर काहींनी त्यात मोठमोठ्या खेळाडूंची भांडणेही शोधून काढली. माहितीची जागा रिकामी राहिली की तर्क तेथे येऊन बसतो. मंडळाने दुखापतीचे स्वरूप तेव्हाच स्पष्ट केले असते, तर या तर्कांना एवढा वाव मिळाला नसता.

चित्रे तर खरी होती. मग लोक फसले कोठे? चित्र जे सांगत नव्हते, तेही त्यांनी त्याच्या तोंडी घातले. मांडीचा मागील स्नायू गुडघा वाकविण्यास व पाय मागे नेण्यास उपयोगी पडतो; त्याच्यावर खरा ताण पडतो तो वेगाने धावताना. चोरटी धाव घेताना किंवा चेंडूमागे झेपावताना तो पुन्हा दुखावण्याचा संभव असतो. जाळ्यात उभे राहून चेंडू टोलविणाऱ्याला यांपैकी फारसे काही करावे लागत नाही. तो बॅट धरू शकतो, एवढेच त्या चित्रावरून सिद्ध होते. पाच दिवसांचा कसोटी सामना तो खेळू शकेल की नाही, हे त्यावरून कळत नाही.

चित्र खरे असून अर्थ चुकतो, तसे कधी नाव खरे असून वार्ता खोटी असते. १२ जून २०२१ रोजी कोपनहेगन येथे डेन्मार्कचा फुटबॉलपटू ख्रिस्तियन एरिकसन हा सामन्यात एकाएकी कोसळला. त्याचे हृदय बंद पडले होते. लवकरच एक निरोप जगभर फिरू लागला. एरिकसनने नुकतीच करोनाची लस घेतली होती, असे त्याच्या इंटर मिलान या क्लबच्या डॉक्टरांनी इटलीतील रेडिओवर सांगितल्याचे त्यात म्हटले होते. डॉक्टर, क्लब, रेडिओ, सारे काही त्यात होते! वस्तुतः अशी मुलाखत झालीच नव्हती; आणि एरिकसनने लस घेतलेलीच नाही, असे क्लबचे संचालक ज्युसेप्पे मारोत्ता यांनी स्पष्ट केले. रेडिओकडे विचारणा केली असती, तर ती वार्ता पहिल्या पायरीवरच थांबली असती.

रोहितच्या बाबतीत मात्र सत्य इतक्या लवकर हाती लागले नाही. ३ नोव्हेंबरला तो पुन्हा मैदानात उतरला आणि १० नोव्हेंबरच्या अंतिम सामन्यात त्याने ६८ धावा केल्या. आदल्याच दिवशी मंडळाने त्याला कसोटी संघात घेतले होते. एकदिवसीय व वीस षटकांच्या सामन्यांसाठी मात्र विश्रांती दिली होती. तर्क करणाऱ्यांना आणखी जोर चढला. पुढे २६ नोव्हेंबरला खुद्द कर्णधार विराट कोहली यानेच आपल्याला पुरेशी स्पष्ट माहिती नसल्याचे सांगितले. कर्णधाराला जे ठाऊक नव्हते, ते मोबाइलवर लिहिणाऱ्या हजारो अनोळखी लोकांना कोठून ठाऊक असणार? त्यानंतर मंडळाने खुलासा केला : आजारी वडिलांना भेटण्यासाठी रोहित मुंबईस गेला होता, आता तो बंगळूर येथील राष्ट्रीय क्रिकेट अकादमीत उपचार घेत आहे आणि त्याची पुढील तपासणी ११ डिसेंबरला होईल.

त्या दिवशी तपासणी झाली व तो उत्तीर्ण झाला. नंतर तो ऑस्ट्रेलियास गेला, तेथे नियमाप्रमाणे चौदा दिवस विलग राहिला आणि ७ जानेवारी २०२१ रोजी सिडनीच्या मैदानावर सुरू झालेल्या कसोटी सामन्यात त्याने २६ व ५२ धावा केल्या.