कोरं वर्ष

कोल्हापूर सोडून लेस्टरला आलो त्याला आता सोळा वर्षं होतील. दिवसा हिशेब लिहितो. मार्च सरत आला की ऑक्टोबरपर्यंत आठवड्यातली एक संध्याकाळ स्पीडवेच्या, म्हणजे मातीच्या ट्रॅकवरच्या मोटारसायकल शर्यतींच्या, मैदानावर जाते. गेली नऊ वर्षं सामन्याच्या प्रोग्रॅमसाठी मी रायडरांच्या ओळखी लिहितो. प्रोग्रॅम म्हणजे आत शिरताना विकत घ्यायची छोटी पुस्तिका. तिच्या मधल्या पानांवर पंधरा हीट्सचा, म्हणजे छोट्या शर्यतींचा, तक्ता असतो आणि एका पानावर कुणातरी एका रायडरची कारकीर्द. ते एक पान माझं. ते लिहिताना जे शिकलो ते सांगतो.

१. आधी कुंपणाला टेकून उभं राहा

माझी पहिली ओळख मी घरी बसून, जुनी वार्षिकं चाळून लिहिली होती. मैदानावर माझ्याशेजारी बसणाऱ्या एका वृद्ध बाईंनी ती वाचली आणि म्हणाल्या, "यात गाडी कुठे आहे?" त्या लहानपणापासून स्पीडवे बघत आल्या होत्या. पुढच्या आठवड्यात त्यांनी मला हाताला धरून पहिल्या वळणाच्या कुंपणापाशी नेलं.

ही गाडी ५०० सीसीची, एका सिलिंडरची. इंधन मिथेनॉल. गिअर एकच आणि ब्रेक मुळीच नाही. चार रायडर फितीमागे उभे राहतात, फीत वर उडते आणि चार फेऱ्या साधारण मिनिटाभरात संपतात. वळण घ्यायचं ते डावीकडे, पण पुढचं चाक असतं उजवीकडे वळलेलं. मागचं चाक मुद्दाम घसरवत, डाव्या बुटाखाली बांधलेला लोखंडी तळवा जमिनीवर टेकत गाडी आडवी जाते. चौघं एकदम तुमच्या अंगावर येतात तेव्हा मातीचा फवारा कुंपणावरून येऊन दातांत कचकचतो. त्या दिवशी घरी जाऊन केस धुतले तर पाणी तांबडं झालं. त्यानंतर लिहिलेल्या ओळखीत गाडी होती.

२. सरासरी नीट वाचा, तिच्या पोटात शिरून

ही शिकवण माझ्या पेशाची, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

हीटमध्ये पहिल्याला ३ गुण, दुसऱ्याला २, तिसऱ्याला १, चौथ्याला भोपळा. आपल्याच संघाचा साथीदार लगेच पुढे असेल आणि मागे निदान एक प्रतिस्पर्धी राहिला असेल, तर एक बोनस गुण मिळतो. तो संघाच्या गुणफलकावर चढत नाही, पण रायडरच्या सरासरीत आणि बहुतेकदा त्याच्या पैशांत धरला जातो. गुण आणि बोनस मिळवायचे, शर्यतींच्या संख्येने भागायचे आणि चाराने गुणायचं. १४ शर्यतींत २६ गुण आणि २ बोनस असतील तर सरासरी ८.००. अजिंक्य राहिलेल्याची १२.

आकडा सोपा आहे, पण त्याचा जाच मला उशिरा कळला. हंगामाआधी संघ बांधताना सगळ्यांच्या सरासरीची बेरीज ठरलेल्या मर्यादेच्या आत बसवावी लागते. एका संघाने सगळे बलाढ्य रायडर गोळा करू नयेत म्हणून हा नियम. हेतू चांगला आहे. पण एखाद्या पोराने वर्षभर जीव तोडून सरासरी पाचावरून सातावर नेली, तर पुढच्या वर्षी तो त्याच संघाच्या बेरजेत बसत नाही. त्याच्या जागी ज्याचं वर्ष वाईट गेलं असा कुणीतरी घेतला जातो, कारण कागदावर त्याचा आकडा लहान असतो आणि त्याच्यात वाढायला जागा असते. उत्तम हंगामानंतर क्लब बदललेला दिसला की मी आधी समजायचो, याचं कुणाशी तरी बिनसलं असणार. आता आधी बेरीज करून बघतो.

बोनसचंही तसंच. ज्याच्या नावापुढे बोनस जास्त, तो बहुधा साथीदाराला आतली वाट मोकळी ठेवून बाहेरून प्रतिस्पर्ध्याला अडवून धरणारा असतो. असा रायडर पेपरच्या मथळ्यात सहसा येत नाही, पण पिट्समध्ये, म्हणजे रायडर गाड्या सज्ज करतात तिथे, त्याला मान असतो. ओळखीत त्याच्या बोनसचा आकडा मी आवर्जून देतो.

३. कोऱ्या वर्षावरून घाईने पुढे जाऊ नका

न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चचा इव्हान मॉजर १९५७ साली सतरा वर्षांचा असताना इंग्लंडला आला, विम्बल्डनच्या क्लबात. तिथे त्याला पाय रोवता आले नाहीत. तो मायदेशी परतला. १९५८ साली कुणी त्याची ओळख लिहायला घेतली असती तर चार ओळींत आटोपली असती. तो पुन्हा आला १९६३ मध्ये, न्यूकॅसलच्या संघात. १९६८, १९६९ आणि १९७० ही ओळीने तीन वर्षं तो जगज्जेता झाला. तसं आधी कुणालाच जमलं नव्हतं. मग १९७२, १९७७, १९७९. एकूण सहा वेळा. बेल व्ह्यू, एक्झिटर, हल हे त्याचे पुढचे क्लब. तो बेल व्ह्यूत असताना त्या संघाने १९७० ते १९७२ अशी सलग तीन वर्षं लीग जिंकली.

सहा विजेतेपदांवर पुष्कळांनी लिहिलं आहे. मला ओढ लागते ती मधल्या पाच वर्षांची. इंग्लंडच्या तक्त्यांत त्या वर्षांपुढे त्याचं नाव नाही, पण तो थांबला नव्हता. घरच्या आणि ऑस्ट्रेलियाच्या ट्रॅकवर गाडी चालवत राहिला. तालमीतून परत गेलेला पोरगा गावच्या लाल मातीत जोर काढत राहावा आणि पुढे कोल्हापूरच्या खासबाग कुस्ती मैदानात उतरावा, अशी माणसं मी लहानपणी पाहिली आहेत. म्हणून हे कोरं वर्ष मला ओळखीचं वाटतं. त्यात काय झालं हे शोधल्याशिवाय मी ओळख पुरी करत नाही.

४. क्लबचं नाव म्हणजे नोकरी नव्हे

आपल्याकडून कुणी सामना बघायला आलं की हमखास विचारतं, "यांना पगार किती?" पगार नसतो. रायडर स्वतःच्या जबाबदारीवर धंदा करतो. गाड्या त्याच्या, इंजिन बांधून घेण्याचा खर्च त्याचा, व्हॅन त्याची, मेकॅनिकचे पैसेही त्यानेच द्यायचे. क्लब प्रामुख्याने गुणांमागे पैसे देतो. म्हणजे पहिल्या हीटमध्ये साखळी तुटली की खर्च तेवढाच आणि कमाई शून्य.

शिवाय कागदोपत्री तो एका क्लबच्या मालकीचा आणि प्रत्यक्षात दुसऱ्या क्लबकडे उसना गेलेला असू शकतो. इथे त्याला सरळ 'ॲसेट' म्हणतात. माणसाला मालमत्तेचा शब्द लावणं मला आजही खटकतं आणि माझ्या पानावर मी तो वापरत नाही. बरेच जण वरच्या प्रीमियरशिप लीगमध्ये एका संघाकडून आणि खालच्या चॅम्पियनशिपमध्ये दुसऱ्याकडून खेळतात. नामवंत रायडर तर इंग्लंडमध्ये सोमवारी, स्वीडनमध्ये मंगळवारी आणि आठवड्याच्या शेवटी पोलंडमध्ये असतो. सगळ्यांत जास्त पैसा पोलंडमध्ये आहे. रायडर 'इंग्लंड सोडून गेला' असं लिहिण्याआधी त्याच्या आठवड्याचे सात दिवस मांडून बघावेत. त्याने कदाचित फक्त झोपेचे दोन दिवस परत मिळवलेले असतील.

५. दुखापत लिहिताना विशेषणं खाली ठेवा

सुरुवातीच्या काळात एका रायडरच्या अपघाताबद्दल मी रंगवून लिहिलं होतं. शब्द इथे पुन्हा लिहीत नाही. त्या संध्याकाळी त्याची आई प्रोग्रॅम हातात घेऊन माझ्याकडे आली आणि एवढंच म्हणाली, "मी तिथे होते." मी माफी मागितली. तेव्हापासून या विषयावर फक्त तारीख, जागा आणि जे घडलं ते लिहितो.

पीटर क्रेव्हन लिव्हरपूलचा. चणीने लहान, गाडीवर तोल असा की लोक त्याला तोलाचा जादूगार म्हणत. तो बेल व्ह्यूचा रायडर होता आणि १९५५ व १९६२ साली जगज्जेता झाला. सप्टेंबर १९६३ मध्ये एडिंबरोच्या मेडोबँकवर त्याच्या पुढचा रायडर पडला. त्याला वाचवायला क्रेव्हनने गाडी वळवली आणि तो कुंपणावर आदळला. चार दिवसांनी गेला. वय एकोणतीस. यात मी काय घालू? 'वाचवायला' या एका शब्दात सगळं आलं.

क्रॅडली हीथ क्लबचा डॅनिश रायडर एरिक गुंडरसन तीनदा जगज्जेता होता. १९८९ मध्ये ब्रॅडफर्डच्या ओड्सलवर, जागतिक सांघिक अंतिम सामन्यात, त्याची कारकीर्द संपली. तो मरणाच्या दारातून परत आला आणि पुन्हा चालू लागला. ली रिचर्डसन इंग्लंडमध्ये लेकसाइडकडून खेळत होता. तो १३ मे २०१२ रोजी पोलंडमध्ये व्रोत्स्वाफला शर्यतीतल्या अपघातानंतर गेला. डार्सी वॉर्डला २०१५ मध्ये पोलंडमध्येच झिएलोना गुरा इथे पाठीच्या कण्याला मार बसला, तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता. टाय वॉफिंडन हा तीन वेळा जगज्जेता झालेला पहिला ब्रिटिश रायडर. मार्च २०२५ मध्ये पोलंडच्या क्रोस्नोला पडून त्याची अनेक हाडं मोडली.

जखमी रायडरांसाठी एक मदतनिधी आहे. सगळे त्याला 'बेन फंड' म्हणतात. मैदानावर त्यासाठी बादली फिरते. तिच्यात नाणी टाकणाऱ्यांत मी पेन्शनवर जगणारे म्हातारे पाहिले आहेत आणि सात-आठ वर्षांची पोरंही. ती बादली फिरत असताना मी तक्ता भरायचं थांबवतो.

६. ज्यांना कारकीर्दच करू दिली नाही, त्यांनाही पान द्या

ब्रिटनमध्ये या खेळाची सुरुवात लोक १९ फेब्रुवारी १९२८ पासून मोजतात. त्या दिवशी लंडनजवळच्या एपिंगच्या जंगलात, हाय बीच इथे एका पबच्या मागच्या ट्रॅकवर शर्यती झाल्या. त्याच वर्षी फे टेलर नावाची आयरिश तरुणी या खेळात उतरली आणि नामांकित पुरुषांना हरवू लागली. १९३० मध्ये बायकांना बंदी झाली. टेलर पुढे मोटारींच्या शर्यतींकडे वळली. तिच्या स्पीडवेच्या रकान्यात त्यापुढे काही नाही आणि ते कोरेपण तिने निवडलेलं नव्हतं. एका मार्चमध्ये, हंगामाच्या पहिल्या प्रोग्रॅमात, मी माझं पान तिला दिलं. त्या आठवड्यात दोन मुली पिट्सच्या जाळीपाशी येऊन विचारत होत्या की शिकायला कुठे जायचं.

७. घराणं विचारा, आईकडचंही

जेसन क्रंप २००४, २००६ आणि २००९ चा जगज्जेता. त्याचे वडील फिल क्रंप मोठे रायडर, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण त्याच्या आईचे वडील नील स्ट्रीट. ते स्वतः रायडर होते आणि जावा इंजिनाला चार व्हॉल्व्ह बसवण्याची त्यांची रचना सत्तरच्या दशकात गाजली. नातवाच्या यशामागे आजोळचं वर्कशॉपही उभं आहे.

८. मैदान गेलं तर रायडरच्या नोंदीतही ते दिसतं

क्रॅडली हीथचं डडली वुड मैदान १९९५ नंतर बंद झालं. त्या क्लबाने ब्रूस पेनहॉलसारखे जगज्जेते सांभाळले होते. कॉव्हेंट्रीचं ब्रँडन २०१६ नंतर शांत झालं आणि स्विंडनला २०१९ नंतर शर्यत झाली नाही. वुल्व्हरहॅम्प्टन आणि पीटरबरो ही दोन्ही मैदानं २०२३ चा हंगाम संपताच गेली. पीटरबरोने दोनच वर्षांपूर्वी प्रीमियरशिप जिंकली होती.

प्रत्येक ट्रॅकची लांबी, वळणाचा घेर, मातीचा पोत वेगळा. एखादा रायडर वर्षानुवर्षं एका ट्रॅकची ओल ओळखायला शिकतो, संध्याकाळी कुठल्या वळणावर माती पकड देते हे त्याच्या अंगात मुरतं. मैदान गेलं की ते ज्ञान कुठेच चालत नाही. पुढच्या वर्षीची त्याची सरासरी घसरते आणि तक्त्यात त्याचं कारण कुठेच नसतं. ते कारण मी माझ्या पानावर लिहितो.

९. प्रश्न सरळ विचारा

मागच्या हंगामात तिशी ओलांडलेला एक रायडर आमच्याकडे आला. त्याच्या नोंदीत सलग दोन वर्षं कोरी होती. पिट्समध्ये तो हातमोजे वाळत घालत होता. मी वही उघडून विचारलं, "या दोन वर्षांत काय केलंस? नको असेल तर लिहीत नाही."

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "लिही की. इंजिनाचे पैसे थकले होते. वडिलांबरोबर घरांची छपरं घालायला जायचो. हाताला काम होतं, पण शनिवारी कानात इंजिन वाजायचं." मी ते तसंच लिहिलं. प्रोग्रॅम आला त्या संध्याकाळी त्याचे वडील तीन प्रती घेऊन गेले.